तुर्कस्तानसाठी उभी राहिलेली बाई

गुरुवार, ४ जानेवारी १९४०, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. गावदेवीच्या देवळापुढचं अंगण. वेळ सकाळची, धारा काढून झाल्यावर.

हजर: पाटील आणि त्यांच्या घरची चार माणसं, देवीचा भगत, वरच्या आळीच्या एकोणीस घरांतून निदान एकेक माणूस, खालच्या आळीच्या अकरा घरांतूनही तसंच, शाळेतली मुलं, शाळेचे मास्तर, म्हणजे आमचे हे, मी, आणि वैशाखऱ्याची.

हा तपशील माझ्या त्या वर्षीच्या वहीतून उतरवला आहे. याद्या करायची सवय मला लग्नाआधीपासूनची. मुरबाड तालुक्यातल्या त्या गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच होते. लग्नाची भांडी कोणाकडून आली, देवीच्या जत्रेला कोण काय देणार, लावणीला कोण कोणाच्या शेतावर जाणार, हे सगळं माझ्याकडे येई. मी लिहिलेलं कोणी खोटं पाडत नसे.

वैशाखऱ्याची म्हणजे वैशाखरे गावाहून लग्न होऊन आलेली. तिकडे सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात. पस्तिशीच्या आतबाहेरची, विधवा, मूलबाळ नाही. आदल्या श्रावणात तिच्या घराची मागची भिंत खचली, आढं मोडलं आणि छप्पर जमिनीवर येऊन बसलं. ती शेतावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून ती दिराच्या गोठ्यात राहत होती, दोन म्हशी आणि गवताची गंजी यांच्या मधल्या जागेत.

पंचांनी तिच्यासाठी निकाल करून ठेवला होता. पुढच्या पावसाआधी तिनं घर उभं केलं तर जागा तिची. नाही केलं तर जागा दिराची, आणि दिरानं तिला दोन वेळ जेवायला घालायचं. दीर पंचांपुढे म्हणाला होता, "वैनीला मी उपाशी नाय ठेवणार." पंचांना तेवढं पुरलं.

घर उभं करणं तिला अवघड नव्हतं. आमच्याकडे सावड असते: आज मी तुझ्या शेतावर राबले, उद्या तू माझ्या. गेली दोन वर्षं ती सगळ्यांच्या लावणीला, कापणीला, झोडणीला गेली होती, आणि तिच्या स्वतःच्या एवढ्याशा खाचरात कोणाला यावं लागलं नव्हतं. बदल्यात तिनं एकच मागितलं होतं, माघात घर उभं करायला हात लावा. त्याची यादी मी डिसेंबरातच केली होती. कोण वासे आणणार, कोण कुडाच्या भिंतींसाठी कारव्या तोडणार, पेंढा कोणाचा, मेढींचे, म्हणजे खांबांचे, खड्डे कोण खणणार. फक्त आढ्याचं लाकूड ठरायचं राहिलं होतं.

मग आमचे हे मुरबाडहून टपाल घेऊन आले आणि सोबत चार दिवसांचं शिळं वर्तमानपत्र आणलं.

यांची वाचून दाखवायची पद्धत चांगली होती. पाटलांच्या पडवीत शाळा भरायची, तिथेच संध्याकाळच्या आधी मोठी माणसं टेकत. यांनी वाचलं की तुर्कस्तानात भूकंप झाला, माणसं झोपेत असताना घरं अंगावर आली, हजारो गाडली गेली. जी वाचली ती बर्फात उघड्यावर बसली आहेत.

"तुर्कस्तान कंच्या अंगाला?" पाटलांनी विचारलं.

"पश्चिमेला. समुद्रापलीकडे."

"म्हंजे मुंबईच्या भायेर."

"मुंबईच्या खूपच बाहेर."

"आनि बरफ म्हंजे तो सरबतात टाकतात तो?"

"तोच. पण आभाळातून पडतो. गुडघ्याएवढा."

भूकंप आम्हाला कोणालाच नीट कळला नव्हता, पण झोपेत घर अंगावर येणं सगळ्यांना कळलं. पाटलांची बायको चुलीपुढून उठून दारात आली. म्हणाली, "पोरंटोरं असतील गो." त्या एका वाक्यानं ठरलं. आपण देवीला सांगायचं.

भगत म्हातारा होता, पण देवीच्या कामात पक्का. तो म्हणाला, "देवी शिवेच्या आतलं ऐकते. शिवेभायेरचं सांगायचं तर मानूस उभं करावं लागंल."

ही रीत गावात जुनी होती आणि मी ती चारपाच वेळा पाहिली होती. घरातलं कोणी आजारी पडलं आणि देवळापर्यंत येऊ शकत नसलं की त्याच्या जागी दुसरं माणूस उभं राहतं. डोक्यावर ओला पंचा, हातात नारळ. भगत गाऱ्हाणं घालतो, नारळ त्या माणसाच्या नावानं देवळाच्या तुळईला बांधतो. नारळ बांधलेला असेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसानं नवीन काही करायचं नाही, लग्नाला जायचं नाही, नवं कापड नेसायचं नाही, खांब रोवायचा नाही. दुसऱ्याचं दुखणं त्याच्या अंगावर असतं ना. आजारी बरा झाला की स्वतः चालत येतो आणि नारळ सोडतो. आठ दिवस, पंधरा दिवस. मेला तर घरचं कोणी येऊन सोडतं. मी पाहिलेला सगळ्यांत लांबलेला नारळ एक महिन्याचा होता.

"कोनाला उभं करायचं?" पाटलांनी विचारलं.

भगत म्हणाला, "ज्याला दुखनं ठावकं हाय असं बघा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गावात कोणाचं काय दुखतं ते माझ्या वहीत असे. मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, "वैशाखऱ्याची. तिचं घर पडलंय."

इतकं सरळ होतं ते. घर पडलेल्यांसाठी घर पडलेली बाई. मला वाटलं, याहून योग्य माणूस मिळणार नाही. पाटील म्हणाले, "मास्तरीनबायचं डोकं बरीक चालतं." मला बरं वाटलं. दीर कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होता. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, "झ्याक." तो एवढंच बोलला, हे मला नंतर आठवलं.

तिला सांगायला मीच गेले. ती शेण भरत होती.

"तुर्कस्तान म्हंजे काय गो बाय?"

मी सांगितलं. तिनं हात पुसले आणि विचारलं, "त्यांचीबी भित मागनंच पडली?"

"सगळीकडून पडली."

"मंग रायते उभी. पन माज्या घराचं माघातच करायचं ना?"

"माघातच. यादी तयार आहे," मी म्हटलं. हे शब्द माझे आहेत. मी ते वहीत लिहिलेले नाहीत, पण मला ते पाठ आहेत.

गुरुवारी ती डोक्यावर ओला पंचा घेऊन देवीसमोर उभी राहिली. जानेवारीतलं सकाळचं वारं, पाणी तिच्या पाठीवरून खाली गळत होतं. ती कुडकुडू लागली तशी पोरं हसली आणि यांनी त्यांना दटावलं. भगतानं गाऱ्हाणं घातलं.

"माये, शिवेच्या भायेर, समिंदराच्या पल्याड, बरफाच्या मुलखात तुझी लेकरं गाडली गेल्यात. त्यांच्या जागेवर ही उभी हाय. हिच्यावर हात ठेव तो त्यांच्यावर ठेव. हिचं राख ते त्यांचं राख. चुकलंमाकलं पोटात घाल."

सगळ्यांनी "व्हय माये" म्हटलं. मीही म्हटलं, मनापासून. मागच्या बायका रडत होत्या. पाटलांची बायको तर हुंदके देत होती, आणि तिच्या घरापासून साठ पावलांवर वैशाखऱ्याची पाच महिने म्हशींत झोपत होती. तिथे ती एकदाही गेली नव्हती. हे मी आज लिहिते. त्या दिवशी मीही डोळे पुसत होते.

नारळ तुळईला बांधला. वैशाखऱ्याची शिंकत गोठ्यात गेली. गावाला फार हलकं वाटलं. पुढचे चारपाच दिवस लोक एकमेकांशी गोड बोलत होते.

माघ लागला तशी मी यादी घेऊन निघाले. पहिलं घर वरच्या आळीचं, वासे देणार होते ते. घरधनी दारातच म्हणाला, "मास्तरीनबाय, तिचा नारळ सुटला काय?"

मी म्हटलं, "तो वेगळा विषय."

"येगळा कसा? उभं मानूस खांब रोवील तर ते सगलं गावावर येईल. भुई हालायचं दुखनं हाय तिच्या अंगावर, ताप-खोकला नाय."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाईनं तर मला घरातच घेतलं नाही, म्हणाली तुमी तिच्याकडनं आलात ना. कारव्या तोडणारा म्हणाला, "माजी काय ना नाय. आधी सोडवा, मंग सांगा, मी दुसऱ्या दिशी कोयता घेऊन हाजर." सोळा घरं फिरले. सोळा घरांनी तिच्या हातची लावणी नाकारली नाही, कापणी नाकारली नाही, आणि सोळाही जणांनी अगदी चांगल्या शब्दांत सांगितलं की नारळ सुटू दे.

मी भगताकडे गेले. तो चटईवर बसून दोरी वळत होता.

"नारळ सोडा आता. झाला महिना."

"मी कसा सोडनार? ज्याच्यासाठी उभी रायली त्याच्या घरचं मानूस येतं नि सोडतं. आजवर आसंच हाय."

"तुर्कस्तानातून कोण येणार आहे इथं?"

त्यानं दोरीला पीळ दिला. "ते तुमी यादी करतानी बघायचं व्हतं, बाय."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. मग तोच म्हणाला, "मानूस नाय आला तरी चालंल. तिकडनं बरं हाय असा सांगावा आला तरी मी देवीला सांगंन."

तर मी सांगाव्याच्या मागे लागले. हे मुरबाडहून आणतील ते प्रत्येक वर्तमानपत्र मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लढाई, लढाई, लढाई. तुर्कस्तानातली माणसं पानावरून केव्हाच गेली होती. गावातही त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं. ज्यांच्यासाठी सगळं गाव रडलं होतं ती जगली की गोठून मेली हे कोणी एकदाही विचारलं नाही. विचारायचे ते तिच्या नारळाचं, आणि तेही तिला चुकवण्यापुरतं.

फाल्गुनात यांना एक युक्ती सुचली. तुर्कस्तानात मुसलमान राहतात. शहापूरला लाकडाचे एक मुसलमान व्यापारी होते, भले गृहस्थ, शाळेला त्यांनी एकदा फळ्यासाठी फळी दिली होती. त्यांना आणावं, त्यांच्या हातून नारळ सोडवावा, तिकडच्यांच्या जातभाईच्या हातून. भगत म्हणाला, बघू. म्हणून आम्ही दोघं बैलगाडीनं निघालो आणि सापगावापाशी नदी ओलांडून शहापूरला पोचलो.

व्यापाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, मी शहापूरचा. माझा बाप शहापूरचा, आजा शहापूरचा. तुर्कस्तान मी नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही. मी त्यांच्या घरचा माणूस कसा?"

हे म्हणाले, "धर्मानं तरी..."

"धर्मानं आम्ही मशिदीत दुवा मागितली. जुम्म्याला. मागितली नि घरी आलो. कोणाच्या गळ्यात काही बांधलं नाही."

आम्ही उठलो. निघताना त्यांनीच विचारलं, "त्या बाईला आढ्याला लाकूड आहे का?" मी म्हटलं, तेवढंच ठरायचं राहिलं होतं. चार दिवसांनी त्यांच्या गाडीनं एक सरळ, जुनं, चांगलं वाळलेलं सागाचं लाकूड गावात आलं. गाडीवानानं ते तिच्या पडक्या घरासमोर वाटेवर उतरवलं आणि तो गेला.

त्याला कोणी हात लावला नाही. माणसं त्याला वळसा घालून जात. वैशाखऱ्याची रोज सकाळी गोठ्यातून येऊन त्यावर हात फिरवायची. एके दिवशी तिनं एकटीनं मेढीचा खड्डा खणायला घेतला. हातभर खणला असेल. त्याच दुपारी पाटलांच्या घरात भाताची कणगी कलंडली.

कणगीखाली घुशीनं पोखरलं होतं. मी स्वतः बीळ पाहिलं, त्यात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. पण मी बोलायच्या आत दीर अंगणात उभा होता.

"बघितलंत? हिनं भुईला हात लावला नि तुमची कनगी हालली. आज कनगी. उद्या घर."

"घुशीचं बीळ आहे," मी म्हटलं.

"घूस आजच बरी आली," दीर म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

पाटलांनी वैशाखऱ्याचीला पडवीत बोलावलं. ती कुदळ हातात घेऊनच आली, टाकून द्यायचं सुचलं नसावं. ते म्हणाले, "पोरी, नारळ सुटंस्तवर भुईला हात लावायचा नाय."

ती म्हणाली, "पाटील, पाऊस लागला का जागा जाते माजी."

"जाते तर जाते. गाव ऱ्हायलं पायजे का तुजी जागा?"

"मी काय केलं पन? तुमीच म्हनालात उभी ऱ्हा."

"आमी म्हनालो तुर्कस्तानासाठी उभी ऱ्हा. घरासाठी कुठं म्हनालो?"

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू बोल ना. माघात म्हनाली व्हतीस तू."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या पडवीत आमची शाळा भरत होती. पाटलांनी मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मुलं आणि फळा वाटेवर, आणि यांची बदली घाटाच्या पायथ्याला कुठल्या तरी दोन खोपटांच्या वाडीत. हे माझ्या शेजारी उभे होते. यांनी माझ्या पदराचं टोक धरलं, कोणाला दिसणार नाही असं.

मी म्हटलं, "यादी केली होती. नक्की असं नव्हतं."

तिनं माझ्याकडे अजून थोडा वेळ पाहिलं. मग कुदळ खांद्यावर टाकून गेली.

नारळ काढायला एक शिडी आणि एक कोयता लागला असता. दोन्ही आमच्या घरी होतं. देवळाला कुलूप नव्हतं. मी पुष्कळ वेळा शिडीकडे पाहिलं.

पाऊस लागला. पंच बसले, एका चिलमीत निकाल झाला. जागा दिराची. त्यानं दोन वेळ जेवायला घालायचं कबूल केलं आणि पंधरा दिवस घातलंही. मग त्याची बायको म्हणू लागली की भुई हलवणारी बाई म्हशींत नको, दूध आटतं. वैशाखऱ्याची भावाकडे वैशाखऱ्याला निघून गेली. पायीच गेली. सोबत एक गाठोडं. लाकूड तिथेच राहिलं. पुढच्या हिवाळ्यात दिरानं त्या जागेवर शेळ्यांसाठी छप्पर घातलं, सागाच्या त्याच आढ्यावर. त्याला कारव्या तोडून द्यायला तोच माणूस दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन हजर होता. भूकंप फक्त तिच्यावर होता, जागेवर नव्हता आणि लाकडावर तर मुळीच नव्हता.

यंदा या गोष्टीला आठ वर्षं झाली. आम्ही आता मुरबाडमध्ये राहतो, यांची नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. पाटील गेले. त्यांचा मुलगा शाळांच्या बोर्डावर आहे, आणि पेन्शनचे कागद कोणाच्या हाताखालून जातात ते मला माहीत आहे.

वैशाखऱ्याची बाजाराच्या दिवशी मुरबाडला येते. भावजय तिला भाजीच्या पाट्या देऊन पाठवते, विकून झाल्या की उपाशीपोटी परत. पहिली सात वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. समोरून जायची, माल शेजारणीला द्यायची, मला नाही. यंदा एका सकाळी सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसली. हातपाय वाळून काड्या झाले होते. पाणी मागितलं नाही, मी आणलं ते प्यायली नाही.

म्हणाली, "भाऊ मेला. भावजय जास्त दिस ठेवनार नाय. हितं मामलेदाराकडं अर्ज करता येतो म्हनतात, जागा माजी व्हती असा."

"येतो," मी म्हटलं.

"साक्ष लागते. गावातलं कोन देनार नाय. तू दे. पंचांनी काय ठरवलं ते तुला ठावकं, सावड तुला ठावकी. मी घर बांधनार व्हते नि गावानं अडवली, एवढं लिही. नि माघात म्हनालीस तेबी लिही."

"लिहिते."

"या टायमाला नक्की ना?" ती म्हणाली. मोठ्यानं नाही, भाजीचा भाव विचारावा तसं.

अर्ज मी लिहिला. अक्षर स्वच्छ आहे, तपशील पूर्ण आहे: कोणत्या सोळा घरांनी काय कबूल केलं होतं, पंचांचा निकाल काय होता, लाकूड कोणी दिलं आणि आज ते कोणाच्या छपराला आहे. माघाचंही लिहिलं. यांनी वाचून पाहिला, घडी घालून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, दोन वर्षं राहिली आहेत.

तेव्हापासून ती दर बाजाराला येते. मी म्हणते, एक मुद्दा घालायचा राहिलाय. ती ओट्यावर थोडा वेळ बसते आणि जाते. गेल्या बाजाराला ती नुसती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण साक्षीदाराच्या नावापुढची जागा मोकळी आहे हे वाचायला येत नसलं तरी दिसतं.

परवा पुन्हा बाजार आहे. सही करायची राहिली आहे.